हुबेहूब वाजलं, पण रेसो कुठे होता?

मागच्या अंकात मी राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांच्या एका कार्यक्रमाबद्दल लिहिलं होतं. २७ जून ही पंचमदांची जन्मतारीख, त्या सुमारास पुण्या-मुंबईत असे कार्यक्रम होतातच. हा पुण्यातला होता आणि त्याची जाहिरातच 'रेकॉर्डवर आहे तस्सा' अशी होती. सभागृह भरलेलं, गायक तयारीचे. तरीही मी लिहिलं की गाणी हुबेहूब वाजली आणि ताल मात्र जिवंत नव्हता. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी माझ्याकडे धाडली आहेत. बरीच रागाची आहेत, काही कुतूहलाची. ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की मी ऑर्केस्ट्रात साइड रिदम, म्हणजे मुख्य ठेक्याच्या जोडीची छोटी तालवाद्यं वाजवते. रेसो (खाचांवरून काडी ओढून वाजवायचं वाद्य), शेकर, मराकस, खंजिरी, ट्रँगल. माझे कान आधी तिकडेच जातात.

प्रश्न : आम्ही सहकुटुंब त्या कार्यक्रमाला गेलो होतो. डोळे मिटले की रेकॉर्ड लागली आहे असंच वाटत होतं. माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सामान्य रसिकाला जे आवडतं त्यात खोट काढायची काय गरज होती? (एक वाचक, चिंचवड)

तुमच्या सासऱ्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं आहे, त्याबद्दल माझा काहीच वाद नाही. ती चालीची ताकद आहे आणि ज्यांनी ती गायली त्यांच्या मेहनतीची. पण रेकॉर्ड लागल्यासारखं वाटलं याचं कारण तुम्हाला सांगायला हवं. बराच वेळ खरोखरच ट्रॅक लागलेला होता. मूळ ध्वनिमुद्रिका नव्हे, या मंडळींनी आधी स्टुडिओत बसून तयार केलेला.

रंगमंचावर आठ वादक होते. दोन कीबोर्ड, लीड गिटार, बेस, ड्रम्स, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा, साठवलेले आवाज काढणारा इलेक्ट्रॉनिक पॅड), तबला-ढोलक आणि सॅक्सोफोन. व्हायोलिन एकही नाही, ट्रम्पेट एकही नाही. पण 'तीसरी मंज़िल'मधलं 'ओ हसीना जुल्फोंवाली' सुरू झालं आणि व्हायोलिनचा सगळा ताफा ऐकू यायला लागला. १९६६ सालच्या त्या गाण्याला स्टुडिओत जेवढी माणसं बसली असतील तेवढी आज कुठल्याही आयोजकाला परवडणार नाहीत, हे मला कळतं. म्हणून कीबोर्डवाल्याने दोन हातांत स्ट्रिंग्ज धरल्या तर मला चालतं. तो गायकाकडे बघत असतो. गायक थांबला तर तोही थांबतो. लॅपटॉप थांबत नाही.

'चुरा लिया है तुमने'च्या वेळी काय झालं ते आठवा. गायिकेने दुसरा अंतरा फार सुंदर म्हटला. खालून 'वन्स मोअर' आला. लोकांना तो अंतरा हवा होता, तिलाही तो पुन्हा घ्यायचा होता. तिने मागे वळून बघितलं. ड्रमरने कानातल्या इअरफोनवर बोट ठेवून मान हलवली. मग गाणं अगदी पहिल्यापासून, काचेच्या किणकिणाटापासून लावावं लागलं, आणि अंतऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर ती ऊब गेलेली होती. एका चांगल्या गायिकेला तिच्याच गाण्यात मागे-पुढे होता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

त्या किणकिणाटाचंही सांगते. १९७३च्या रेकॉर्डवर तो किती नाजूक आहे! काच किणकिणते, लगेच गिटार येते आणि आपण त्या खोलीत असतो. इथे तो आवाज पॅडवरून आला, भरपूर एको लावून, देवळातल्या घंटेएवढा. रंगमंचावर पाण्याचे पेले ठेवलेले होते. एक पेला आणि एक चमचा माइकसमोर धरायला कोणाला कितीसा त्रास पडला असता?

आता ताल जिवंत नव्हता म्हणजे काय, ते. पंचमदांच्या गाण्यात ठेका एकटा माणूस धरत नाही. तबला थोडं बोलतो, त्याच्या मधल्या जागेत मादल हे नेपाळी ढोलकं बोलतं, बाँगो कुठेतरी दोनच थापा टाकून गप्प बसतो, आणि या सगळ्यांच्या वरून रेसो चालत असतो. प्रत्येकाच्या वाट्याला थोडंसं. चौघांचे हात अगदी एका क्षणी पडत नाहीत. कोणी केसभर पुढे, कोणी केसभर मागे, आणि गाणं डोलतं ते त्या केसभरामुळे. तेच चारही आवाज एका माणसाने दोन काठ्यांनी पॅडवर वाजवले की सगळे एकाच ठिकाणी येऊन पडतात. आवाज तेच, डोलणं गेलं.

रेसो अनेकांनी जवळून पाहिलेला नसतो. खाचा पाडलेली एक पोकळ नळी आणि त्या खाचांवरून ओढायची काडी, बस. एक लांब ओढ, दोन तोकड्या. लांब ओढ किती लांब हे हात चालू असतानाच ठरतं. गायकाने एखादा शब्द जरा मागे खेचला तर मी ती ओढ तेवढीच लांबवते आणि पुढच्या तोकडीवर त्याला लयीत परत आणते. शेवटच्या दोन-तीन खाचांवर दाब काढून घेतला की आवाज सुटून जातो, त्या जागी शब्द बसतो. पॅडमध्ये हाच रेसो साठवलेला असतो. मारला की सुरू होतो, ठरल्या लांबीला संपतो. जोरात मारलात तर मोठा वाजेल, लांब होणार नाही. अडीच तासांच्या कार्यक्रमात रेसोची लांब ओढ प्रत्येक गाण्यात त्याच मापाची होती. एकदा कानाला ते कळलं की दुसरं काही ऐकूच येत नाही.

लयही सगळीकडे चढी होती. 'घर' (१९७८) मधलं 'तेरे बिना जिया जाए ना' आठवा, त्यात सुरात लावलेली मादलं कशी सावकाश थेंब टाकतात. इथे ते गाणं एवढं पळवलं की गायिकेला श्वास घ्यायला ओळ तोडावी लागली. आयोजकांना वाटतं लय वाढवली की टाळ्या वाढतात. वाढतातही.

मध्यंतरानंतर मात्र 'आँधी'मधलं 'तुम आ गए हो' त्यांनी ट्रॅकशिवाय घेतलं. गिटार, बेस, तबला, एवढंच. बेस वाजवणारा मुलगा त्या गाण्यात काय वाजवून गेला! पट्टी दोन घरं उतरवलेली होती, व्हायोलिन नव्हती, 'रेकॉर्डवर आहे तस्सा' त्यात काहीच नव्हतं. माझ्यासाठी त्या संध्याकाळी पंचमदा तेवढी पाच मिनिटं सभागृहात आले. यांना वाजवता येतं हे त्या पाच मिनिटांत दिसलं, म्हणून तर मी एवढं लिहिलं.

प्रश्न : ट्रॅक लावला आहे हे आमच्यासारख्या प्रेक्षकाला कसं ओळखता येईल? (एक वाचक, ठाणे)

हात मोजा आणि आवाज मोजा. दिसणाऱ्या हातांपेक्षा ऐकू येणारी वाद्यं फार जास्त असतील तर उरलेली कुठून तरी येत आहेत. ड्रमरच्या कानात इअरफोन असतो. त्यात टिकटिक चालू असते, पण निव्वळ त्यावरून निष्कर्ष काढू नका, ट्रॅक नसतानाही काही ड्रमर लय धरायला तो वापरतात. खरी खूण गाण्याच्या शेवटी मिळते. माणसं वाजवत असतील तर शेवटच्या सुरावर सगळे एकमेकांकडे बघतात आणि कोणीतरी मान हलवून गाणं बंद करतं. ट्रॅकवर कोणी कोणाकडे बघत नाही.

प्रश्न : मी गेली काही वर्षं ऑक्टोपॅड वाजवतो. लग्नसराई, गणपती आणि असे कार्यक्रम यावर माझं घर चालतं. आयोजक सात-आठ जणांच्या वर मानधन देत नाही. रेसोवाला वेगळा, मादलवाला वेगळा आणायचा कुठून? तुमच्या लेखाने आमच्याच पोटावर पाय येतो. (एक वादक, सांगली)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. राग तुमच्यावर नाही, हे सगळ्यात आधी. तुमच्या वाद्याचा हिशेब मला चांगला ठाऊक आहे. रोलँड कंपनीने पहिला ऑक्टोपॅड १९८५ साली आणला. आठ पॅड आणि एक माणूस. पुढे आयोजकांना एका मानधनात चार-पाच जणांचं काम मिळायला लागलं आणि ज्यांचं गेलं त्यांत साइड रिदमवाले पहिले होते. हे तुम्ही केलेलं नाही. तुम्ही तर त्या उरलेल्या एका खुर्चीवर बसून सगळ्यांचा भार उचलता आहात, आणि तो उचलणं किती कठीण आहे हे लोकांना कळतही नाही.

पण आहे त्या आठ माणसांत बरंच होण्यासारखं आहे. त्या कार्यक्रमात कोरसच्या तीन मुली होत्या. अंतरा चालू असताना तिघी हात पुढे बांधून उभ्या. एकीच्या हातात शेकर द्या, एकीला खंजिरी. महिनाभर रोज अर्धा तास बसलात तर त्या लयीत वाजवतील, आणि तुमचे दोन पॅड मोकळे होतील. 'पडोसन' (१९६८) मधल्या 'मेरे सामनेवाली खिडकी में'ला कंगवा खरवडल्याचा आवाज आहे. त्याला पॅड कशाला हवा? खरा कंगवा घ्या, माइकसमोर धरा, लोक पुढे सरकून बघतील. 'शोले'तल्या 'मेहबूबा'ला बाटल्यांत फुंकर मारून काढलेला आवाज आहे. तो पॅडवर ठेवा, कारण प्रत्येक कार्यक्रमाला बाटल्या सुरात लावत बसणं जमणार नाही. जे आणता येत नाही ते पॅडवर. जे हातात धरता येतं ते हातात. एवढी एकच विभागणी केलीत तरी फरक पडेल.

आणि गाण्यांची संख्या कमी करा. बत्तीस गाणी आणि वर मेडली घ्यायची म्हटल्यावर तालमीत प्रत्येक गाण्याच्या वाट्याला काय येणार? मेडलीत तर नुसते मुखडे. पंचमदांनी पहिल्या आणि दुसऱ्या म्युझिकमध्ये, म्हणजे अंतऱ्यांआधीच्या वाद्यांच्या तुकड्यांत, जे लिहून ठेवलंय ते सगळं कापलं जातं. अठरा गाणी घ्या आणि पूर्ण वाजवा.

आयोजकाशी बोलताना त्याला मागच्या एलईडी पडद्याचं भाडं विचारा. त्या पडद्यावर पूर्ण वेळ चित्रपटातली दृश्यं चालू असतात आणि लोक गायकांकडे बघायचं सोडून तिकडे बघतात. त्या पैशांत कोण कोण येऊ शकेल हे त्याला कागदावर मांडून दाखवा. लगेच ऐकणार नाही. पण हे त्याला वादकानेच सांगायला हवं, मी लेखात लिहून तो ऐकणार नाही.

प्रश्न : किशोरकुमारांची नक्कल तुम्हाला खटकत नाही का? (एक वाचक, सोलापूर)

गायकाने स्वतःच्या आवाजात गावं हे माझं मत. नाकातून सूर काढून, मान वाकडी करून किशोरदा होता येत नाही. पण त्याहून मला खटकतं ते पंचमदांच्या स्वतःच्या आवाजाचं जे करतात ते. 'कारवाँ' (१९७१) मधलं 'पिया तू अब तो आजा' घ्या. 'मोनिका' ही त्यांची हाक आणि त्या धापा. कार्यक्रमात तो भाग विनोदी करून टाकतात. गायक प्रेक्षकांत उतरतो, कोणाच्या तरी खुर्चीपाशी धापा टाकतो, लोक हसतात. रेकॉर्ड नीट ऐका. एकेक धाप तालात पडते. त्यांनी स्वतःच्या श्वासाचं तालवाद्य केलेलं आहे. ते हसण्यावारी नेलेलं मला बघवत नाही.

प्रश्न : मग जसंच्या तसं वाजवूच नये का? नव्या पद्धतीने केलेलं तुम्हाला चालेल? (एक वाचक, डोंबिवली)

चालेल, आणि काही गाण्यांना तर दुसरा मार्गच नाही. 'इजाज़त' (१९८७) मधलं 'कतरा कतरा' घ्या. आशाताईंचा आवाज त्यात दोनदा मुद्रित केलेला आहे, एक ओळ संपायच्या आत दुसरी तिच्यावर येते. एकटी गायिका ते रंगमंचावर गाऊ शकत नाही. त्या कार्यक्रमात दुसरा आवाज ट्रॅकवर होता. गायिका स्वतःच्याच मुद्रित आवाजाच्या मागे धावत होती, कुठे थबकायची सोय नाही. तीच दुसरी ओळ कोरसमधल्या एका मुलीला दिली असती तर? आवाज वेगळा आला असता, मान्य. पण एक ओळ दुसरीवर झुकते, हे त्या गाण्याचं मर्म राहिलं असतं. दोघींनी एकमेकींकडे बघून गायलं असतं.

सूर न् सूर तोच हवा असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. मर्म कशात आहे ते आधी ऐकून ठरवा आणि ते सोडून बाकी सगळं बदला.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत की अख्ख्या कार्यक्रमात एकाही मूळ वादकाचं नाव घेतलं गेलं नाही. कोणाची नावं घ्यायला हवी होती? माझे आजोबा मुंबईला व्हायोलिन वाजवायचे, म्हणून विचारतो. (एक वाचक, मडगाव)

तुमच्या पत्राने मला फार बरं वाटलं. निवेदक चांगला बोलणारा होता, पण दर गाण्याआधी नट, नटी, दिग्दर्शक आणि गायक यांचेच किस्से. पडद्यावर पंचमदांचा फोटो. वाजवलं कोणी, याचा उल्लेखच नाही.

'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मधलं 'कांची रे कांची रे' लागलं तेव्हा रणजित गजमेर यांचं नाव यायला हवं होतं. दार्जिलिंगकडचे, सगळे त्यांना कांचाभाई म्हणतात. या गाण्यापासून मादल पंचमदांच्या संगीतात आलं आणि मुक्कामाला राहिलं. त्याच चित्रपटातलं 'दम मारो दम'. त्याची गिटार भूपिंदर सिंग यांची, लोक त्यांना फक्त गझल गाणारे म्हणून ओळखतात. 'शोले'मध्ये अमिताभ बच्चन पडद्यावर माउथ ऑर्गन वाजवतात, तो वाजवला भानू गुप्ता यांनी. सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. चेलोवर आणि संगीत-संयोजनात बासू चक्रवर्ती. ड्रम्सवर फ्रँको वाझ, बेसवर टोनी वाझ. केर्सी लॉर्ड, बुजी लॉर्ड आणि त्यांचे वडील कावस लॉर्ड, हे एक अख्खं पारशी घराणं. साइड रिदमचे होमी मुल्लन. आणि आपल्या मराठी माणसांपैकी तबल्यावर मारुतीराव कीर, जे थोरल्या बर्मनदांपासून, म्हणजे पंचमदांचे वडील सचिनदेव यांच्यापासून, त्या घरात होते, आणि रेसोवर अमृतराव काटकर.

अमृतराव काटकरांचं नाव मी मुद्दाम शेवटी घेतलं, कारण माझी विद्या त्यांच्या रेकॉर्डवरून आलेली आहे. पुण्याच्या सभागृहात, मराठी निवेदकाच्या तोंडी, तेवढं एक नाव तरी यायला हवं होतं.

तुमच्या आजोबांच्या पिढीतल्या गोंयकारांशिवाय तर मुंबईचं चित्रपटसंगीत उभंच राहिलं नसतं. चर्चच्या शाळांतून स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकून आलेली ही माणसं. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. या वादकांना त्या दिवसाच्या कामाचे पैसे त्या दिवशी मिळाले आणि विषय संपला. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी त्यांच्या नावावर काही आलं नाही. रेकॉर्डच्या वेष्टनावरही त्यांची नावं क्वचितच असत. म्हणून जो कार्यक्रम स्वतःला मानवंदना म्हणवतो, त्याने ती नावं रंगमंचावरून घ्यायला हवीत. एका गाण्यामागे वीस सेकंद लागतात.

आजोबांनी वहीत काही लिहून ठेवलं असेल, स्वरलिपीचे कागद असतील, तर कृपा करून रद्दीत देऊ नका. त्यांचे फोटो काढून ठेवा आणि कोणत्या गाण्याचे आहेत हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे पाच जण आहोत. एक गिटार, एक कीबोर्ड, एक कहोन (बसून हातांनी वाजवायची लाकडी पेटी) आणि दोघं गाणारे. ४ जानेवारीला पंचमदांच्या स्मृतिदिनी छोटा कार्यक्रम करायचा आहे. कुठून सुरुवात करावी? (एक वाचक, नाशिक)

आठ गाणी निवडा, त्याहून एकही जास्त नको. पहिला आठवडा वाद्यांना हात लावू नका. प्रत्येक गाणं इअरफोन लावून पाच वेळा ऐका आणि दर वेळी एकाच वाद्याचा पाठलाग करा. एकदा फक्त बेस, एकदा फक्त रिदम गिटार, एकदा फक्त वरचं बारीक तालवाद्य. ऐकलेलं तोंडाने म्हणून दाखवता आलं पाहिजे. मग पाच जणांनी बसून ठरवा की यातलं काय ठेवायचं.

गाणाऱ्या दोघांनी स्वतःची पट्टी स्वतः ठरवावी. मूळ पट्टीचा हट्ट नको. मात्र पट्टी बदलली की गिटारवाल्याने कॅपो (पट्टी बदलायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) लावून मोकळ्या तारांचा नाद टिकतो का ते बघावं, नाहीतर गाणं बोथट होतं. मोबाइलवर तालीम मुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. शेवटच्या अंतऱ्याला लय कुठे पोहोचली आहे ते तिथे कळेल.

'कांची रे' घेणार असाल तर मादल शोधा. नाहीच मिळालं तर कहोनवर मादलचा आव आणू नका, तो आवाज फार कोरडा येतो. त्यापेक्षा ढोलकी वाजवणारा एखादा मित्र गाठा. नाशिकमध्ये तो मिळेल. त्याला महिनाभर आधी बोलवा, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नव्हे.